दहाचे अकरा होणारच

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.

विघ्नहर्ता काल विसर्जित झाला. विघ्नकर्ता टेबलावर तसाच बसून आहे. २०१३ सालचा कॉम्प्युटर, आत विंडोज दहा. कंपनीचा आधार १४ ऑक्टोबरला संपतो अशी सूचना पडद्यावर रोज येते आणि मी रोज 'नंतर आठवण करा' दाबतो. आज दाबलं नाही. संकल्प सोडला: चौदा तारखेच्या आत दहाचे अकरा. स्वहस्ते.

निकड कशाची, त्याची नोंद असावी. याच यंत्रात सॅमसनकाकांचं पुस्तक आहे. सॅमसन अष्टमकर, वय ब्याऐंशी, एसटीच्या वर्कशॉपमधले निवृत्त मेकॅनिक. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या आळीत एके काळी तेवीस घरं होती. आता काका आणि दीनाकाकू. कोणत्या घरात कोण राहत होतं, कोण कधी इस्रायलला गेलं, कोण ठाण्याला, विहिरीवर कोणाचं कोणाशी वाजलं, हे सगळं काकांच्या डोक्यात आणि फक्त तिथेच. तीन वर्षं ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. 'आमची आळी', पानं एकाहत्तर. काकांनी त्यांच्या पैगंबराला, एलियाहू हन्नाबीला नवस बोललाय की पुस्तक हातात आलं की मलिदा करीन, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाची प्रार्थना. तारीखही ठरली, २६ ऑक्टोबर. ठाण्याहून, परदेशातून मंडळी येणार. पेणच्या छापखान्याला फाइल १० ऑक्टोबरपर्यंत हवी.

पुस्तकाला माझी प्रस्तावना आहे. पानं एकशे बारा. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात. काका पान १०९ वर येतात.

ही म्हणाली, आधी पुस्तक छापखान्यात धाडा, मग त्या डब्याचं काय करायचं ते करा. हिला कार्याचा क्रम कळत नाही. आधी संस्कार, मग ग्रंथ. आधार संपत आलेल्या यंत्रातून ग्रंथ बाहेर काढणं मला प्रशस्त वाटत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार.

अकरा बसेल की नाही हे सांगणारं एक अधिकृत साधन असतं. चालवलं. निकाल: अपात्र. कारणं तीन. प्रोसेसर जुना, मेमरी कमी, आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चिप नाही.

या यंत्रावरून बारा वर्षांत वर्तमानपत्राच्या जिल्हा पानाला माझ्या चार हजार बातम्या गेल्या. महामार्गाचं काम रखडल्याच्या एकट्या दोनशे नव्वद. सगळ्या त्या चिपशिवाय गेल्या. आणि आता अपात्र! आपल्याकडे अपात्र उमेदवार दणदणीत मतांनी निवडून येतात, हा तर नुसता संगणक आहे.

लढणार.

१० सप्टेंबर, बुधवार.

सीपीयू हिच्या जुन्या केशरी ओढणीत गुंडाळला आणि रोह्याहून गाडी धरली. पेणला सुजयचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुजय चाळिशीचा, टक्कल पडलेला. बोलताना माणसाकडे बघत नाही, मदरबोर्डकडे बघतो. झाकण उघडल्यावर आतून धूळ, एक कैलासवासी झुरळ आणि पालीची दोन अंडी निघाली. सुजय म्हणाला, काका, यात जीव हाय म्हणायचा अजून.

मी म्हटलं, टीपीएम बसव. तो म्हणाला, या बोर्डाला ती चिप बसत नाय. बैलगाडीला एअरबॅग लावायला निघालात तुम्ही. नवा घ्या, नायतर हाय तो दहाच वापरा जपून. मी म्हटलं, मला सल्ला नको, सामान दे. त्याने मेमरी वाढवून दिली. वर बजावलं की काहीही करा, पण आधी बॅकअप घ्या आणि डी ड्राइव्हला हात लावू नका, तुमचं सगळं लिखाण त्यात हाय. हे त्याने तीनदा सांगितलं. एकदा पुरे होतं. मी पाठशाळेत शिकलेला माणूस आहे.

आज साखरचौथ, या दिवशीही पेणकडे दीड दिवसाचे गणपती बसतात, हे निघताना लक्षातच नव्हतं. आजच्या दिवशी पेणमध्ये दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, कापडाने झाकलेली वस्तू एकच असू शकते. रिक्षावाल्याने खड्डे चुकवत नेलं, जे त्याने माझ्यासाठी आजवर केलेलं नाही. प्लॅटफॉर्मवर माणसं बाजूला झाली. गाडीत एक बाई उठून उभी राहिली. धोंडुबाई तिचं नाव, धरमतरकडची, मिठागरावर कामाला. चपला काढून नमस्कार केला आणि विचारलं, किती दिसांचा हाय वो? मी म्हटलं, दीड. हे खोटं नव्हे, सुजयच्या मते तो तेवढाच टिकणार होता. ती म्हणाली, त्वांड झाकूनच ठेवा वो, वारा लागंल. आणि केसातलं जास्वंदीचं फूल काढून ओढणीवर ठेवलं. कासू स्टेशन येईपर्यंत ओढणीचा उडणारा काठ तिनेच धरून ठेवला होता.

एकूण सात जणांनी हात जोडले. खरं सांगायचं एकदा मनात आलं. पण नागोठण्याला उतरणाऱ्याची श्रद्धा मी कासूलाच का मोडावी?

घरी आल्यावर ही म्हणाली, फूल कोणी दिलं? मी म्हटलं, वाचकवर्ग.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

मेमरी आठ जीबी. यंत्र आधी सहा मिनिटांत सुरू व्हायचं, आता चार. परत साधन चालवलं. परत अपात्र, पण तीन कारणांची दोन झाली. म्हणजे एक तृतीयांश काम तडीस गेलं. हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

व्हिडिओ बघून शास्त्राभ्यास. शिकवणारा हिंदीत बोलतो आणि दर मिनिटाला मला दोस्त म्हणतो. तीन तासांनी त्याची सवय झाली. चिपची अट चुकवून अकरा बसवता येतं, असं त्याचं प्रतिपादन. सूत्रपद्धतीने टिपणं काढली: सूत्रं सात, त्यांवर भाष्य पानं एकोणीस. भाष्याच्या ओघात सूत्र तीन कुठल्या कागदावर लिहिलं ते सापडत नाही. तिसरं फार महत्त्वाचं नसावं.

सॅमसनकाकांचा फोन आला. म्हणाले, दत्तू, पुस्तकाचं कुठवर? मी म्हटलं, काका, पायाभरणी चालू आहे. ते म्हणाले, पायाभरणी? अरे, भिंती उभ्या हायत, कौलं चढलीत, आता पाया कसला भरतोस?

मेकॅनिक माणूस, त्याला सॉफ्टवेअर कळणार नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

या आठवड्यात कॉम्प्युटरला हात लावता आला नाही. कारणं नमूद करतो: (१) खांब गावाजवळ महामार्गावर टँकर आडवा, बातमी. (२) टँकर सरळ केला, बातमी. (३) पितृपक्ष. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये. ही म्हणाली, पितृपक्ष परवाच संपला. मी म्हटलं, मनाला सावरायला वेळ लागतो.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी.

अष्टमीला काकांकडे. ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, सतराव्या घरात एक दुरुस्ती. एझ्राच्या आजीचं नाव चुकलंय, मला काल आठवलं. टिपून घेतलं. मग समोरच्या मोकळ्या जोत्याकडे बोट करून म्हणाले, इथे सायमन राहायचा. त्याची नात येणार आहे मलिद्याला. हे जोतं तिने कधी बघितलेलं नाय. तिला पुस्तकात दाखवायचंय की हे तुझं.

दीनाकाकू आतून म्हणाल्या, दाखवाल हो, आधी दत्तूला तरी दाखवू दे पुस्तक. डेबोरा म्हणजे ठाण्याला असलेली लेक, ती रोज फोनवर विचारते म्हणे की फाइल गेली का. मी म्हटलं, दहा तारखेला जाणार म्हणजे जाणार. काकू म्हणाल्या, व्हय का? गेल्या दिवाळीलापण असंच जाणार म्हणजे जाणार होती.

तेव्हा प्रस्तावना प्राणिसृष्टीत होती, हे काकूंना कसं समजावणार?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

यंत्रपूजा. सीपीयूला गंध, झेंडूचा हार. काकांना बोलावलं होतं, पण आज नेमका त्यांचा वर्षातला मोठा उपास. दिवसभर पापांच्या क्षमेची प्रार्थना, पाणीसुद्धा नाही. फोन काकूंनी उचलला. म्हणाल्या, हे तुझ्या डब्यासाठीपण माफी मागून घेतील आज.

मुहूर्तावर बॅकअप घेतला. पुस्तक, प्रस्तावना, बारा वर्षांच्या बातम्या, सगळं लाल पेनड्राइव्हवर. बत्तीस जीबीची आहे. सुजयची अट अक्षरशः पाळली. आता कोणीही यावं.

४ ऑक्टोबर, शनिवार.

अकरा बसवायला आधी एक पेनड्राइव्ह तयार करावी लागते. बूटेबल असा शब्द आहे. घरात पेनड्राइव्ह एकच, लाल. एकाच पात्रात दोन पदार्थ करणं ही गृहिणींची रोजची कला आहे, त्यात अवघड काय? जोडली. पडद्यावर इंग्रजीत पिवळी चौकट आली की यातलं सर्व पुसलं जाईल. 'यातलं' म्हणजे कशातलं, याचा खुलासा नाही. बारा वर्षांत असल्या शेकडो चौकटी मी न वाचता ओके केल्या, कधी काही झालं नाही. अनुभवासारखं प्रमाण नाही.

ओके.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.

आरंभ. पेनड्राइव्हवरून यंत्र जागं झालं. चिपची अट चुकली. त्या दोस्ताचे उपकार.

१०.४०. कुठे बसवायचं, असं विचारतंय. समोर सी, डी अशी नावं नाहीत. पार्टिशन एक, दोन, तीन, चार अशी आहेत. सुजयचा निषेध डी ड्राइव्हपुरता होता. इथे डीचा उल्लेखच नाही, सबब निषेध लागू नाही. मीमांसेच्या कुठल्याही पंडिताने हाच निवाडा दिला असता. चारही डिलीट केली. एक सलग जागा झाली, सारवलेल्या अंगणासारखी.

ही दारातून म्हणाली, सुजयला एक फोन करून बघा ना. मी म्हटलं, रविवारी त्याला त्रास कशाला?

दुपारी १.५०. झालं! अकरा! निळं फूल उमललंय पडद्यावर. अधिकृत साधनाच्या नाकावर टिच्चून, चौदा तारखेच्या नऊ दिवस आधी. सुजय, बैलगाडीला एअरबॅग लागली!

२.१५. डी ड्राइव्ह दिसत नाही.

२.३०. पेनड्राइव्ह लावली. तीत अकरा बसवण्याच्या फाइली आहेत. त्याच आहेत. बाकी काही नाही.

२.४५. बॅकअप सुरक्षित आहे. फक्त दिसत नाहीये.

६ ऑक्टोबर, सोमवार.

सगळीकडे शोधलं. रिसायकल बिन उघडली, ती इतकी रिकामी मी आयुष्यात पाहिलेली नाही. हिने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, माहितीचं स्थलांतर चालू आहे. ही म्हणाली, कुठून कुठे?

७ ऑक्टोबर, मंगळवार.

पुन्हा पेण. सुजयला वृत्तांत सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच मदरबोर्ड सोडून माझ्याकडे बघितलं. मला ते अशुभ वाटलं. म्हणाला, काका, पार्टिशन चारच तुमचा डी होता. मी म्हटलं, तसं लिहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, आणि पेनड्राइव्ह? मी म्हटलं, चौकट संदिग्ध होती. त्याने सीपीयू आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाला, दोन दिवस ठेवून जा, बघतो काय निघतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

सुजयच्या प्रयत्नांना घवघवीत यश. तीन हजार एकशे फोटो परत मिळाले. सगळे फीत कापतानाचे. 'प्रस्तावना अंतिम सात खरी' या नावाची फाइलही निघाली. नाव शाबूत आहे, आत शून्य केबी. 'आमची आळी' नाही. नावसुद्धा नाही.

सुजय म्हणाला, काका, जुनं घर पाडून त्याच जोत्यावर नवं बांधलंत तुम्ही. आता जुनी चूल कुठे शोधू? हे त्याने हळू आवाजात सांगितलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मनुष्य वाईट नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

छापखान्यातून फोन. फाइल कधी देताय? मी म्हटलं, अंतिम संस्कार चालू आहेत. ही स्वयंपाकघरातून मोठ्याने हसली आणि मग अर्धा तास भांडी घासत राहिली. ते जास्त लागलं.

काकांना तूर्त सांगायचं नाही असं ठरवलं. त्यांच्या वयाचा विचार करायला हवा. मजकूर माझ्या स्मरणात आहेच. आमच्या पाठशाळेत अख्खे ग्रंथ मुखोद्गत करून घेत. उद्या बसतो आणि एकाहत्तर पानं उतरवून काढतो.

११ ऑक्टोबर, शनिवार.

उतरवली. अडीच पानं. त्यात घरं चार, विहीर एक. एझ्राच्या आजीचं दुरुस्त नाव आठवतं, आधीचं चुकीचंही आठवतं, त्यातलं कुठलं कुठलं ते आठवत नाही. सायमनचं घर डावीकडे की उजवीकडे? दोन्हीकडे लिहून ठेवलं आहे.

ही म्हणाली, उद्या अष्टमीला जायचं, मी बरोबर येते. हे विचारणं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

सांगितलं.

सुरुवात मी सॉफ्टवेअरच्या उत्क्रांतीपासून करणार होतो. हिने मध्येच तोडलं आणि एका वाक्यात सांगून टाकलं. काका, पुस्तक पुसलं गेलं.

 काका बोटांवर मोजायला लागले. पहिलं घर, दुसरं, तिसरं. ओठ हलत होते. तेराव्याला थांबले. म्हणाले, चौदावं घर मला आता येत नाय रे दत्तू. तुला सांगितलं तेव्हा आलं होतं. तेव्हा लिहून झालं म्हणून मी ते सोडून दिलं.

माझ्या अडीच पानांतही ते नव्हतं. तशी नोंद असावी.

दीनाकाकू उठून आत गेल्या. पत्र्याचा मोठा डबा घेऊन आल्या. वर पापड, खाली कागद. प्रत्येक प्रकरण झालं की मी मोठ्या अक्षरात छापून काकांना तपासायला देत असे. काका लाल पेनने खुणा करत आणि दुरुस्त्या मला फोनवर सांगत. कागद परत आणायला मी कधी गेलो नाही आणि काकूंनी एकही टाकला नव्हता. तेवीसच्या तेवीस घरं, लाल खुणांसकट. काकू हिला म्हणाल्या, घे गो, मोजून घे. आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तुझ्या त्या डब्यापेक्षा आमचा डबा बरा हाय.

काकांनी चौदावं घर काढलं आणि वाचत बसले. चष्मा दोनदा पुसला.

थोडा वेळ जाऊ दिला आणि मी विचारलं की काकू, प्रस्तावनेचे कागदही दिले होते, एकशे बारा. काकू म्हणाल्या, ते होते ना, चांगले जाड. मे महिन्यात त्यांच्यावर पापड वाळत घातले. शाई लागली, मग पापडपण टाकले आणि कागदपण.

परत येताना ही रिक्षात खिडकीकडे तोंड करून बसली होती. खांदे हलत होते. रडत नव्हती.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

काल दहाचा आधार संपला. जगभर किती यंत्रं उघड्यावर आली असतील. माझं नाही. मुख्य संकल्प मुदतीत सिद्धीस गेला, हे या गडबडीत कोणी बोलतच नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

डेबोरा ठाण्याहून येऊन कागद घेऊन गेली. आता ती ते मोबाइलला वाचून दाखवते आणि मोबाइल टाइप करतो म्हणे. तीन वर्षं दोन बोटांनी टाइप केलेला ग्रंथ, आणि डेबोरा तो भाजी चिरता चिरता बोलून दाखवणार! फोनला ऐकू येत असेल, कळतं काय? तिला तसं कळवलं. तिचं उत्तर: दत्ताभाऊ, नऊ घरं झाली.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

तेवीस झाली. छपाई आता ठाण्यातच, दोन दिवसांत होते म्हणते. पेणच्या छापखान्याला मी फोन करून कळवलं की तुमच्या दिरंगाईमुळे काम काढून घेत आहोत. ते म्हणाले, बरं.

डेबोराने विचारलं, दत्ताभाऊ, प्रस्तावना एक पान द्याल? २२ तारखेपर्यंत. पप्पांचीपण इच्छा आहे.

एक पान! सृष्टीची उत्पत्ती एका पानात? तरी उदार मनाने होकार दिला. एकशे बाराची मी नव्याने दोनशे करू शकतो, तिथे एकाचं काय?

२० ऑक्टोबर, सोमवार. पहाटेचं अभ्यंगस्नान उरकून.

अकरावर पहिलं लेखन. यंत्र नऊ मिनिटांत सुरू झालं. नऊ मिनिटांत विचार परिपक्व होतात. दुपारपर्यंत दीड पान झालं, पृथ्वी थंड होईपर्यंत आलो. मग फराळाला हाक आली म्हणून सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं. त्याआधी सेव्ह करायचं का, असं पडद्यावर विचारत होतं. यंत्रांनी लेखकाला मध्येच प्रश्न विचारू नयेत.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

हाताने लिहायला बसलो. पहिलं वाक्य: 'कुंडलिकेच्या तीरी फार पूर्वी.' किती पूर्वी, यावर सकाळ गेली. ही ओवाळायला आली तेव्हा कागदावर तेच वाक्य होतं. ती म्हणाली, काकांबद्दल जे वाटतं ते चार ओळींत लिहा की. मी म्हटलं, प्रस्तावना म्हणजे पोस्टकार्ड नव्हे.

चार ओळी लिहून बघितल्या. दुसऱ्या ओळीत डबा आला. त्याच्यापुढे काय लिहावं ते सुचेना. फाडल्या.

संध्याकाळी डेबोराला कळवलं की तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे मी प्रस्तावना राखून ठेवत आहे. तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं. काय तत्त्व, हे विचारलंसुद्धा नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

विचारांती असं दिसतं की प्रस्तावनेविना पुस्तक वाचकाला अनाथ वाटणार. लोक विचारणार, हे असं अचानक पहिल्या घरापासून कसं सुरू झालं? तेव्हा रविवारी मी दोन शब्द बोलेन. तोंडी. सृष्टीच्या उत्पत्तीपासून, पण आटोपशीर, पन्नास मिनिटं. मुद्दे काढले. हिला म्हणून दाखवणार होतो, तिला अचानक बाजारात काम निघालं.

२६ ऑक्टोबर, रविवार.

मलिदा झाला. ओटीवर, अंगणात, समोरच्या जोत्यावर मिळून साठेक माणसं. मोठ्या ताटात गोड पोहे, खोबरं, वेलची, पाच प्रकारची फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. काकांनी प्रार्थना म्हटली. आवाज सबंध आळीत गेला. मग ताट फिरलं आणि पाठोपाठ पुस्तकं फिरली.

पुस्तक पहिल्या घरापासून सुरू होतं. कोणी काही विचारलं नाही. जो तो आपलं घर शोधत होता. सायमनची नात पस्तिशीची आहे, नाव शीरा, मराठी मोडकं बोलते. काकांनी तिला हाताला धरून जोत्यावर नेलं आणि तिथे उभं राहून तिचं पान वाचून दाखवलं, चूल कुठे होती ते पायाने रेघ ओढून दाखवलं. ती खाली बसली आणि दगडावर हात ठेवून बसून राहिली. माझ्या खिशात पन्नास मिनिटांचे मुद्दे होते. ते खिशातच राहिले.

पुस्तकात माझं नाव आहे. शेवटच्या पानावर, आभारात. 'टंकलेखन: डेबोरा. कागदपत्रं: दीना अष्टमकर. कॉम्प्युटर साहाय्य: दत्तात्रेय बिवलकर.' मी बघतोय हे काकांनी बघितलं. जवळ येऊन म्हणाले, डेबोरा विसरली होती रे, मी सांगून घालायला लावलं. पुस्तकापायी पेणला तीनदा धावलास तू, ते डबडं उरावर घेऊन. थट्टा करत असतील म्हणून चेहऱ्याकडे नीट पाहिलं. करत नव्हते. पाठीवर हात ठेवला आणि पोहे घे म्हणाले.

दोनदा वाढून घेतले. तेवढ्यात ठाण्याच्या एका मावशींनी आभाराचं पान वाचलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. तुम्हीच ना ते कॉम्प्युटरवाले? यातला आवाज गेलाय. मागोमाग आणखी पाच जणांनी धरले. ही लांबून बघत होती, सोडवायला आली नाही.

मावशींच्या मोबाइलला आवाज आला. कसा आला ते मला माहीत नाही. हे फक्त इथे लिहितो.